क्रूसावरून अवतरण (माक्स बेकमानचे चित्र)

जर्मन चित्रकार माक्स बेकमान (१८८४–१९५०) याने पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे रंगविलेले तैलचित्र. कॅनव्हासची उंची सु. १५१ सेंमी., रुंदी सु. १२९ सेंमी. सध्या ते न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

विषय ख्रिस्ती कलेतला फार जुना : अरिमथाईचा योसेफ, निकदेम हे येशूचे अनुयायी आणि इतर जण येशूचे शव क्रूसावरून खाली घेतात. पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रोगिर व्हान डर वायडेन याच्या माद्रिदमधील प्रसिद्ध चित्रात ते शव उतरवणाऱ्यांच्या हातात वाकते, झुकते. शेजारी कोसळणाऱ्या मरियेच्या देहातही तोच बाक आहे. बेकमानने नेमके हेच काढून टाकले. त्याचा ख्रिस्त ताठरलेला आहे. खिळे निघाले तरी पसरलेले हात खाली येत नाहीत. लांबलचक, हाडे दिसणारा, फिक्या करड्या अंगाचा हा देह चित्राच्या बऱ्याच भागात आडवातिडवा पसरला आहे आणि धरणाऱ्यांना तो पेलवत नाही. हातापायांवरच्या जखमा आणि काळेनिळे डाग कोरडेपणाने, एकेक करून दाखवले आहेत. शिडी, माणसे, खाली कोपऱ्यात गुडघे टेकलेल्या स्त्रिया, सगळे इतके दाटीवाटीने बसवले आहे की कुणाला मागे सरकायला जागा नाही. रंगही पातळ आणि रोडावलेले. युद्धापूर्वी हाच चित्रकार जाड रंगाचे, भरघोस, मोठमोठे प्रसंग रंगवत असे, हे मुद्दाम सांगावे लागते.

मेल्यानंतर शरीर ताठते हे बेकमानला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९१४ मध्ये तो स्वेच्छेने वैद्यकीय सेवक म्हणून पूर्व प्रशियाच्या आघाडीवर गेला. त्याच वर्षी त्याचा मेहुणा मार्टिन ट्यूबे तिथे लढताना मारला गेला. पुढे बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील लष्करी इस्पितळांत त्याने शस्त्रक्रिया आणि शवे पाहिली, त्यांची रेखाटने केली. १९१५ मध्ये त्याचे मन कोलमडले. सैन्यातून सुटल्यावर तो बर्लिनला न परतता फ्रँकफुर्टला मित्राच्या घरी राहिला आणि ग्रूनेवाल्ट व इतर उत्तरकालीन गॉथिक (मध्ययुगाच्या अखेरच्या शैलीतील) जर्मन चित्रकारांकडे वळला. त्यांच्या चित्रांतली टोकदार बोटे आणि निर्दय जखमा या चित्रात सरळ ओळखू येतात. भक्तिभावाने हे घडले असे मानणे मात्र कठीण; त्या काळातल्या त्याच्या बोलण्यात देवाविषयी श्रद्धेपेक्षा राग अधिक दिसतो. ‘ख्रिस्त आणि व्यभिचारिणी’ हे चित्रही १९१७ चेच. १९१६ मध्ये सुरू केलेले ‘पुनरुत्थान’ हे अवाढव्य चित्र मात्र त्याने अर्धवट सोडले. मरण त्याला रंगवता आले, उठणे जमले नाही, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये.

हे चित्र अभिव्यक्तिवादी, म्हणजे दृश्य विरूप करून आतली भावना मांडणाऱ्या पंथाचे, म्हणून सांगितले जाते. बेकमानला ही पाटी आवडत नसे. १९१२ मध्ये अभिव्यक्तिवादी चित्रकार फ्रांत्स मार्कशी त्याचा जाहीर वाद झाला होता आणि १९२५ मध्ये मानहाइमच्या ‘नव-वस्तुनिष्ठता’ (अभिव्यक्तिवादाविरुद्ध थंड, वस्तुनिष्ठ चित्रणाकडे वळलेला प्रवाह) प्रदर्शनात त्याची चित्रे होती. तरीही विरूपीकरण आणि दाटलेली जागा पाहता अभिव्यक्तिवादाच्या चर्चेत हे चित्र टाळता येत नाही.

संग्रहालय-संचालक गेओर्ग श्वार्त्सेन्स्की याने ते फ्रँकफुर्टच्या नगर-कलादालनासाठी घेतले. १९३७ मध्ये नाझींनी ते जप्त करून आधुनिक कलेची निंदा करण्यासाठी भरवलेल्या म्यूनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात मांडले. तिथे जर्मन चित्रकार एमिल नोल्डेच्या ख्रिस्तजीवनावरील चित्रमालेसह धार्मिक विषयांवरच्या चित्रांची एका दालनात टिंगल केली होती. प्रदर्शन १९ जुलैला उघडले आणि त्याच दिवशी बेकमान जर्मनी सोडून अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. तो परत जर्मनीत राहायला गेला नाही. चित्र पुढे न्यूयॉर्कचा कलाविक्रेता कुर्ट व्हालेन्टिन याच्याकडे आले आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार १९५५ मध्ये म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टला मिळाले.