अलॉय चाकांची सफाई (जुन्या मोटारी)

अभिजात म्हणून जपलेल्या मोटारींच्या ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम मिश्रधातूच्या चाकांवरची ब्रेकची धूळ, डांबराचे ठिपके आणि ग्रीसचा चिकटा, चाकाच्या मूळ पृष्ठभागाला धक्का न लावता काढण्याचे काम. रोजच्या गाडीचे चाक खराब झाले तर नवे मिळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या चाकावर कारखान्याने चढवलेला थर मात्र एकदा गेला की गेलाच. तो पुन्हा हवा असेल तर सगळे चाक सोलून नव्याने चढवावा लागतो आणि मग ते चाक मूळचे राहत नाही. त्यामुळे कशाने धुवायचे याआधी आपण काय धुतो आहोत, हे ओळखावे लागते.

ब्रेकची धूळ दिसते काजळीसारखी, पण ती बव्हंशी लोखंड असते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर बिडाची चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. त्या घर्षणात पॅडही झिजतात आणि चकतीही. पॅडमधून फिनॉलिक राळ, ग्रॅफाइट, तांबे, पोलादाचे तंतू निघतात आणि चकतीतून बिडाचे बारीक कण. वाळलेली धूळ कागदावर घेऊन खाली चुंबक फिरवला तर ती शाळेतल्या प्रयोगातल्या लोखंडाच्या किसासारखी उभी राहते. हे कण गरम असतानाच चाकावर आदळतात आणि सोबतच्या राळेने चिकटतात. दमट हवा लागली की ते गंजतात, गंजताना फुगतात आणि पृष्ठभागात रुतून बसतात. चाक धुतल्यावरही बोटाला खरखरीत लागणारे नारिंगी ठिपके म्हणजे हेच कण. ॲल्युमिनियमला चिकटलेले लोखंड ओलाव्यात छोट्या विद्युत घटासारखे वागते आणि भोवतीचा ॲल्युमिनियम कुरतडते. हा मळ म्हणूनच निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही.

ड्रम ब्रेकच्या काळात ही कटकट कमी होती, कारण झिजलेली भुकटी ड्रमच्या आतच राहायची. 1953 साली जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर फ्रान्समधली ल मांसची शर्यत जिंकली, 1955 मध्ये सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या आणि पुढच्या दशकात त्या सर्वत्र पसरल्या. डिस्क उघडी असल्याने तिची भुकटी थेट चाकावर उडते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि पुढची चाके आधी काळी पडतात. ज्यांचे इंजिन मागे आहे त्या गाड्याही याला अपवाद नाहीत.

ओतीव ॲल्युमिनियमची चाके बुगाटीने 1924 सालीच आपल्या टाइप 35 या शर्यतीच्या गाडीला लावली होती. त्यांत ब्रेकचा ड्रम चाकाचाच भाग होता. साठच्या दशकात ब्रिटनमधली मिनिलाइट आणि इटलीतली कांपान्योलो ही मॅग्नेशियमची चाके शर्यतींत गाजली. आपल्याकडे गॅरेजात कुठल्याही अलॉय चाकाला ‘मॅगव्हील’ म्हणतात, ते याच मॅग्नेशियमवरून, जरी समोरचे चाक जवळपास नेहमी ॲल्युमिनियमचे असले तरी. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, पोलादी पत्र्याच्या चाकांवर आणि ड्रम ब्रेकवर धावत होती. महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या मेस्त्रींना हे काम वारशाने मिळालेले नाही, ते याच कारणाने. नावातला हा घोळ मात्र सफाईत महागात पडू शकतो. खरे मॅग्नेशियम आम्लाने झपाट्याने खाल्ले जाते आणि खारट ओलाव्यातही टिकत नाही. त्याला रंगाचे किंवा रासायनिक प्रक्रियेचे कवच असते. ते कुठे उडाले असेल तर आम्लयुक्त क्लीनर त्याच्या जवळसुद्धा नेऊ नये.

या कामाचे मर्म समजायला पोर्शे 911 एसचे फुक्स चाक सर्वांत चांगले. जर्मनीतल्या माइनर्त्सहागेन गावच्या ओटो फुक्स कारखान्याने घडवलेले हे पाच पाकळ्यांचे चाक 1966 मध्ये आले. पहिल्या चाकाचा व्यास 15 इंच आणि रुंदी साडेचार इंच होती. ते ओतीव नाही, दाबाखाली घडवलेले आहे, त्यामुळे मजबूत असूनही हलके. पाकळ्यांमधल्या खोलगट भागाला काळा रंग असतो आणि पाकळ्यांवर रुपेरी, किंचित मंद चमक. ती चमक रंगाची नव्हे आणि पॉलिशचीही नव्हे. चाक विद्युतरासायनिक कुंडात बुडवून धातूवरच वाढवलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या थराची, म्हणजे ॲनोडायझिंगची, ती चमक आहे. हा थर कठीण आणि पारदर्शक असतो, पण त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. पितळ चमकवायची पेस्ट घेऊन त्यावर उत्साहाने हात चालवला की पहिल्या दिवशी पाकळी आरशासारखी दिसते. थर एके ठिकाणी पातळ आणि एके ठिकाणी पूर्ण गेला की त्याच पाकळीवर ढगाळ डाग पडतात. ते डाग धुऊन जात नाहीत. जुन्या फुक्स चाकांचे सर्वांत मोठे नुकसान धुळीने नव्हे, अशा चमकवण्याने झाले आहे असे माझे ठाम मत आहे.

रसायनांचा भाग आपल्या स्वयंपाकघरातून लवकर कळतो. हिंडालियमची कढई धुण्याच्या सोड्यात भिजवली तर काळी पडते, हे घरोघरी माहीत आहे. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही, आणि त्याच्यावरचा संरक्षक ऑक्साइडही या दोन्हींत तग धरत नाही. पितळ-तांब्याला चिंच किंवा आमसूल चालते म्हणून तोच न्याय इथे लावता येत नाही. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर किंवा इंजिन धुण्याचे जहाल द्रावण ॲनोडायझिंग काही मिनिटांत खराब करते. दुसऱ्या टोकाला हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असलेले व्हील क्लीनर येतात. ते क्षणात चाक पांढरे करतात, कारण ते मळाखालचा ऑक्साइडच विरघळवतात. त्यांचा धोका चाकापुरता राहत नाही. फ्लुओराइड कातडीतून आत शिरते, शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात. कारखान्यांत त्यावर प्रथमोपचार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवतात. घरच्या अंगणात अशा बाटलीचे काहीही काम नाही.

उदासीन सामू (पीएच) असलेले लोह-निष्कासक, म्हणजे चिकटलेले लोखंड विरघळवून काढणारे द्रव, हा आजचा मधला मार्ग आहे. त्यांत अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असते, जे गंजलेल्या लोहाशी बांधले जाऊन पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग बनवते. केस काढायच्या मलमातही याच घराण्याचे रसायन असते आणि वासही तोच, नाकाला झोंबणारा. फवारल्यावर मिनिटाभरात पाकळीच्या मुळाशी जांभळे थेंब उमटतात, मग त्यांचे ओघळ होऊन टायरवर उतरतात. ते पाहताना फार समाधान वाटते, पण जांभळा रंग लोखंड सापडल्याची खूण आहे, काम संपल्याची नव्हे. डांबर आणि राळ यांना हे रसायन शिवतही नाही. त्यासाठी वेगळा डांबर काढणारा द्रव लागतो.

प्रत्यक्ष काम सावलीत आणि चाक हाताला गार लागल्यावरच करतात. तापलेल्या धातूवर द्रावण वाळते आणि त्याचे डाग पडतात. आधी भरपूर पाणी, दाब बेताचा. मग साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि कापड वेगळे ठेवतात, कारण त्यांत अडकलेला लोखंडाचा कीस नंतर गाडीच्या रंगावर ओरखडे काढतो. सुटी घाण गेल्यावर लोह-निष्कासक तीन ते पाच मिनिटे, वाळू न देता, आणि पुन्हा पाणी. अजून खरखर लागली तर डिटेलिंगचा क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, ओल्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवतात. तारेची घासणी, काथ्या, राख यांपैकी काहीही वापरत नाहीत. कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश पुरतो. कुठलेही नवे द्रावण आधी चाकाच्या मागच्या बाजूला बोटभर जागेत लावून पाहावे, ही सवय एकदा लागली की बरीच चाके वाचतात.

चाकागणिक अडचण बदलते. जर्मन बीबीएस कंपनीचे आरएस हे 1983 चे तीन भागांत जोडलेले चाक जाळीदार असते आणि कडेने छोट्या बोल्टांची रांग असते. काळा मळ नेमका बोल्टांच्या डोक्यांभोवती घट्ट बसतो आणि तिथे ब्रशपेक्षा कापूस गुंडाळलेली काडी जास्त उपयोगी पडते. भागांच्या सांध्यात सीलंट, म्हणजे फट बंद करणारा लेप, असते, त्यात जोरदार पाणी किंवा विरघळवणारे द्रव घुसवू नयेत. पारदर्शक लाखेच्या चाकांवर लाखेखाली कृमींसारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर त्याला मळ समजून घासू नये. तो लाखेखाली सरकणारा क्षय आहे आणि घासल्याने लाख आणखी सुटते. अशा चाकाला सफाई नव्हे, दुरुस्ती हवी.

जुन्या गाडीच्या बाबतीत आरोग्याचा मुद्दा टाळता येत नाही. त्या काळच्या ब्रेक पॅडमध्ये आणि ड्रम ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू, सर्रास असे आणि वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते अजून असू शकते. चाक काढल्यावर आतली सुकी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजातली सवय म्हणूनच घातक आहे. सुक्या ब्रशने झटकणेही तितकेच वाईट. आधी ओले करावे, ओल्या कापडाने पुसावे आणि ते कापड पिशवीत बांधून टाकावे. धुतलेले पाणीही निरुपद्रवी नसते. पॅडमधले तांबे वाहून जाऊन माशांना अपाय करते, म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी 2010 साली पॅडमधल्या तांब्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. युरोपीय संघाच्या वाहनप्रदूषणाविषयीच्या 2024 च्या यूरो 7 नियमांत तर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाच प्रथम मर्यादा आली. उघड्या गटारात किंवा विहिरीजवळ हे पाणी सोडू नये.

स्वच्छ चाकाला संरक्षक थर देतात. कार्नोबा हे वनस्पतिजन्य मेण साधारण 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे घाटातून उतरणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकावर ते फार टिकत नाही. मेणाऐवजी लावायचे कृत्रिम सीलंट जास्त तग धरते आणि पुढच्या वेळी धूळ साध्या साबणाने सुटते. कोकणपट्टीत पावसाळ्यापूर्वी हा थर द्यावाच, खारी हवा आणि लोखंडाचे कण एकत्र आले तर चार महिन्यांत खड्डे पडतात. चाके काढून धुतली असतील तर बसवताना फुक्सचे नट विसरू नयेत. ते ॲल्युमिनियमचे असतात आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, 130 न्यूटन-मीटरला आवळतात, साध्या पान्यावर पाय देऊन नव्हे. धुतल्यावर तासाभरात बिडाच्या चकतीवर नारिंगी गंज चढलेला दिसतो. तो वरवरचा असतो. रिकाम्या रस्त्यावर सावकाश जाऊन चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबला की चकती पुन्हा लख्ख होते.