मॅक्डोनाल्ड्सचा रशियातील विस्तार

मॅक्डोनाल्ड्स या अमेरिकी फास्ट फूड साखळीचा सोव्हिएट संघातील प्रवेश, पुढे रशियात झालेला प्रसार आणि २०२२ मधील माघार यांचा इतिहास. मॉस्कोच्या पुश्किन चौकातील पहिले उपाहारगृह ३१ जानेवारी १९९० रोजी उघडले. त्या दिवशीच्या रांगेची छायाचित्रे जगभर गाजली. तरीही या विस्ताराचे मोल समजून घ्यायचे, तर रांगेपेक्षा स्वयंपाकघरात येणाऱ्या मालाकडे पाहावे लागते.

या उपक्रमाचे जनक जॉर्ज कोहन. ते मॅक्डोनाल्ड्सच्या कॅनडातील कंपनीचे प्रमुख होते. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकच्या वेळी त्यांची सोव्हिएट प्रतिनिधींशी गाठ पडली आणि तिथून बोलणी सुरू झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये खाद्यपदार्थ पुरवण्याचा त्यांचा बेत फसला, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. सोव्हिएट नेते गोर्बाचेव्ह यांच्या पेरेस्त्रोइका (आर्थिक पुनर्रचना) धोरणानुसार १९८७ मध्ये परकीय कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत भागीदारीची मुभा मिळाली आणि एप्रिल १९८८ मध्ये करार झाला. त्यात मॉस्को नगर प्रशासनाचा वाटा ५१ टक्के, तर कॅनडातील कंपनीचा ४९ टक्के होता. मॉस्कोत २० उपाहारगृहे उघडण्याची परवानगीही मिळाली.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. इतर देशांत ही कंपनी पाव, मांस, बटाट्याचे काप बाहेरच्या पुरवठादारांकडून घेत असे. सोव्हिएट व्यवस्थेत असे पुरवठादारच नव्हते. सारा माल सरकारी नियोजनातून वाटला जाई आणि त्याच्या दर्जाची किंवा वेळेची हमी कोणी देत नसे. म्हणून मॉस्कोच्या सोल्न्त्सेवो भागात कंपनीने स्वतःचे प्रचंड प्रक्रिया केंद्र बांधले. एकाच आवारात पाव भाजणे, मांसाच्या टिक्क्या तयार करणे, दुधावर प्रक्रिया करणे, बटाटे सोलून कापणे अशी सगळी कामे चालत. फ्रेंच फ्राइजसाठी लांबट बटाटा लागतो. स्थानिक बटाटे त्या कामाला योग्य नव्हते, म्हणून रसेट बर्बँक हे वाण आणून शेतकऱ्यांकडून त्याची लागवड करून घेतली गेली. एका उपाहारगृहासाठी शेतापासून भट्टीपर्यंतची साखळी नव्याने उभारावी लागली, अशी उदाहरणे या व्यवसायात विरळाच.

दुसरा धाडसी निर्णय चलनाचा होता. मॉस्कोतील अनेक परकीय दुकाने केवळ डॉलरसारखे परकीय चलन घेत, त्यामुळे सामान्य नागरिकाला तिथे प्रवेशच नसे. मॅक्डोनाल्ड्सने रुबल स्वीकारले. रुबल देशाबाहेर नेऊन बदलता येत नसल्याने नफा तिथेच गुंतवावा लागला. बिग मॅक या एका बर्गरवर सामान्य कामगाराचे जवळजवळ अर्ध्या दिवसाचे वेतन खर्ची पडे. तरीही पहिल्याच दिवशी ३०,००० हून अधिक ग्राहकांनी तिथे खाल्ले. सुमारे ७०० आसनांचे हे उपाहारगृह त्या वेळी साखळीतील जगातले सर्वांत मोठे होते. अनेकांनी बर्गरचे रिकामे खोके आठवण म्हणून घरी नेले. नोकरीसाठीही हजारो अर्ज आले. व्यवस्थापकांना प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवले गेले. सुरुवातीच्या त्या व्यवस्थापकांपैकी हमझात हसबुलातोव्ह पुढे कंपनीच्या रशियातील कारभाराचे प्रमुख झाले.

सोव्हिएट संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, पण व्यवसाय टिकला. मॉस्कोतील पुढची उपाहारगृहे १९९३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर साखळी इतर शहरांत पसरली आणि प्रक्रिया केंद्रातली कामे हळूहळू स्वतंत्र रशियन पुरवठादारांकडे गेली. दर्जा आणि वेळ पाळण्याची सोल्न्त्सेवोतून सुरू झालेली शिस्त पुढे देशातील खाद्यउद्योगात रुजली. या विस्ताराची सर्वांत टिकाऊ देणगी हीच म्हणावी लागेल.

राजकीय ताण वाढताच कंपनीला त्याची झळ बसली. रशियाने २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया प्रदेश आपल्यात विलीन केल्यानंतर पाश्चात्त्य निर्बंध आले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ग्राहक संरक्षण यंत्रणेने स्वच्छतेच्या कारणावरून पुश्किन चौकातील उपाहारगृह बंद केले. ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडले. कारण स्वच्छतेचे दिले गेले असले, तरी कारवाईची वेळ पाहता तिचा निर्बंधांशी संबंध अनेकांनी जोडला.

युक्रेनवरील आक्रमणानंतर ८ मार्च २०२२ रोजी कंपनीने सुमारे ८५० उपाहारगृहे तात्पुरती बंद केली; तिथे ६२,००० कर्मचारी होते. मे महिन्यात कायमची माघार जाहीर झाली आणि सायबेरियात फ्रँचायझी चालवणारे अलेक्सांद्र गोव्होर यांना व्यवसाय विकण्यात आला. कर्मचाऱ्यांना किमान दोन वर्षे कामावर ठेवण्याची अट विक्रीत होती. १२ जून २०२२ रोजी ‘व्कुस्नो इ तोच्का’ (‘चविष्ट, बस्स!’) या नव्या नावाने पहिली १५ उपाहारगृहे उघडली. बहुतेक कच्चा माल देशातला असल्याने बदल सुरळीत झाला. मात्र योग्य वाणाच्या बटाट्याचे पीक कमी आले आणि आयातही अवघड झाली, त्यामुळे जुलैमध्ये अनेक ठिकाणी फ्रेंच फ्राइज मिळेनाशा झाल्या. व्यवसाय १५ वर्षांच्या आत परत विकत घेण्याचा पर्याय मॅक्डोनाल्ड्सने करारात राखून ठेवला आहे.