नाम की सर्वनाम? इंग्रजीत ओळखायचं कसं

'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या झोपेतून उठवलं तरी आपल्याला म्हणता येते. मराठीपुरती ती निभावून जाते. इंग्रजी लिहायला बसलं की मात्र तीच गोत्यात आणते, कारण जागा एक म्हणजे वागणूकही एक, असं तिच्यावरून वाटतं. प्रत्यक्षात इंग्रजीत या दोघांचं वागणं बरंच वेगळं आहे.

अर्थातला फरक सोपा आहे. 'टेबल', 'टीचर', 'ऑनेस्टी' हे शब्द नुसते उच्चारले तरी मनात काहीतरी उभं राहतं. 'शी' किंवा 'दे' नुसतं उच्चारलं तर ऐकणारा विचारतो, 'कोण?' नामाकडे स्वतःचा अर्थ असतो, सर्वनाम तो संदर्भाकडून उसना घेतं. 'आय'ची तर गंमतच आहे. बोलणारा बदलला की तो शब्द दुसऱ्याच माणसाचा होतो. शिवाय नामांची यादी कधी संपत नाही, रोज नवी भर पडते. पुरुषवाचक सर्वनामं मात्र मोजून सात: आय, यू, ही, शी, इट, वुई, दे. ('समवन', 'धिस' हीसुद्धा सर्वनामंच, पण पुरुषवाचक नव्हेत.)

खरा घोळ आहे तो रूपांचा. मराठीत नाम सतत कपडे बदलतं: मुलगा, पण मुलाला, मुलाने, मुलाचा. सामान्यरूपाची ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली. इंग्रजी नाम याबाबतीत अगदी निवांत. 'द बॉय सॉ द डॉग' आणि 'द डॉग सॉ द बॉय' या दोन वाक्यांत 'बॉय' एकदा कर्ता आहे, एकदा कर्म, तरी त्याच्या रूपात काडीचा फरक नाही. कुणी कुणाला पाहिलं हे फक्त शब्दांच्या क्रमावरून कळतं. अनेकवचन आणि मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी-एस, एवढंच काय ते त्याचं रूपांतर.

सर्वनामाचं तसं नाही. 'ही सॉ द डॉग', पण 'द डॉग सॉ हिम'. आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम या जोड्यांमधला पहिला शब्द कर्त्याच्या जागी, दुसरा कर्माच्या जागी किंवा शब्दयोगी अव्ययानंतर. देवनागरीत लिहिताना इथे एक चकवा आहे: मराठी 'मी' कर्ता, इंग्रजी 'मी' कर्म!

ही उलटापालट का? जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीप्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले. सर्वनामं इतकी सतत तोंडात असायची की त्यांची वेगवेगळी रूपं टिकून राहिली. म्हणजे आज 'हिम' दिसतं ते जुन्या व्यवस्थेचं उरलेलं अवशेष. 'यू' दोन्हीकडे सारखंच का, याचंही उत्तर इतिहासात आहे. ते मुळात कर्माचं रूप, कर्त्यासाठी 'यी' असा वेगळा शब्द होता. तो मागे पडला आणि 'यू'ने दोन्ही खुर्च्या बळकावल्या.

नाम बदलत नाही, याचा एक तोटाही आहे: चूक झाली तरी कान सावध होत नाही. 'माय फ्रेंड' कुठेही ठेवा, तसंच राहतं. त्याच्या शेजारी सर्वनाम आलं की आपण तेही बिनधास्त ठेवून देतो आणि 'मी अँड माय फ्रेंड वेन्ट' किंवा 'ही कॉल्ड माय फ्रेंड अँड आय' लिहून बसतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तेही इथे घसरतात. उपाय साधा आहे: नाम झाकून टाका. 'मी वेन्ट' किंवा 'ही कॉल्ड आय' कुणी म्हणेल का?

आता त्या पाठ व्याख्येकडे परत येऊ. 'द ओल्ड ब्लॅक डॉग' यातल्या 'डॉग' या नामाऐवजी 'इट' घालून पाहा: 'द ओल्ड ब्लॅक इट'. हे काही वाक्यात बसणार नाही. इंग्रजी सर्वनाम एकट्या नामाची नाही, तर उपपद आणि विशेषणांसकट त्या अख्ख्या पदसमूहाची जागा घेतं. म्हणून 'अ', 'द' किंवा विशेषण आधी लागतं का, ही नाम ओळखण्याची चांगली कसोटी. विशेषनामांना मात्र ती नीट लागू होत नाही, कारण माणसांच्या नावांआधी सहसा उपपद येत नाही. 'पुअर मी', 'लकी यू' असे थोडे ठरीव प्रयोगही अपवाद म्हणून सोडून द्यावेत.

मराठी माणूस इथे आणखी एका कारणाने चुकतो. आपलं 'तो' दुहेरी काम करतं: 'तो आला' म्हणता येतं आणि 'तो मुलगा आला' असंही. इंग्रजी 'ही' फक्त पहिलं काम करतं. 'ही बॉय' चालत नाही, तिथे 'दॅट बॉय' हवं. तसंच 'माझा भाऊ, तो बँकेत असतो' हे बोलण्यात खपून जातं, पण 'माय ब्रदर ही वर्क्स' लिहिलं तर एका क्रियापदाला दोन कर्ते झाले. नाम तरी ठेवा, नाहीतर सर्वनाम.

अपॉस्ट्रॉफीचं थोडक्यात: 'डॉग्ज' मालकीचं असेल तर अपॉस्ट्रॉफी लागतो, पण 'इट्स', 'हर्स', 'देअर्स' मालकीचे असतील तर लागत नाही. अपॉस्ट्रॉफी असलेलं 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'.

'इट इज रेनिंग' मधलं 'इट' कोणत्या नामाऐवजी आलंय? कोणत्याच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून ते बसवलंय. याच्या उलट, नवजात पिल्लाबद्दल लोक विचारतात, 'इज इट अ ही ऑर अ शी?' इथे 'ही' आणि 'शी' यांना चक्क 'अ' लागलाय, तेव्हा त्या वाक्यापुरती ती नामंच.