बालगंधर्व आणि सवाई गंधर्व: एकाचं थिएटर, दुसऱ्याचा डिसेंबर

डिसेंबरातल्या एका दुपारी भाचीचा फोन आला. ‘‘मामा, बालगंधर्वला पोचलेय, पण इथे तर कुठलंतरी विनोदी नाटक लागलंय. सवाई कुठंय?’’ काखेत चटई, पिशवीत थर्मास आणि बाईसाहेब उभ्या जंगली महाराज रस्त्यावर. सवाई पार तिकडे, मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानात. रिक्षा कर म्हटलं. हसलोही. पण मग सहज म्हणून पुण्यातच जन्म काढलेल्या दोघा-तिघांना विचारून पाहिलं, तर ही दोन माणसं की एकाच माणसाची दोन नावं, हे त्यांनाही धड सांगता येईना.

त्यांचीही फार चूक नाही. ‘बालगंधर्वला जाऊ’ म्हणजे नदीकाठचं थिएटर आणि ‘सवाईला जाऊ’ म्हणजे डिसेंबरातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवाचे ते चार-पाच दिवस, स्वेटर, कॉफी आणि मांडी घालून दुखलेले गुडघे. मूळची माणसं मागच्या मागे राहून गेली.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. लहानपणी पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हटलं, ते आयुष्यभर चिकटलं. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १८८६, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. आता गंमत बघा. वयाने मोठे रामभाऊ, पण त्यांची पदवी बेतली ती धाकट्याच्या पदवीवरून. ‘सौभद्र’ या संगीत नाटकातली त्यांची सुभद्रा पाहून अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना सवाई, म्हणजे सव्वापट, गंधर्व म्हटलं असं सांगतात. गोंधळाचं मूळ हेच. दोघंही पुरुष, दोघंही लुगडं नेसून रंगमंचावर उभे राहिलेले, दोघंही ‘सौभद्रा’त गायलेले.

पण नाटक एकाचं घर होतं आणि दुसऱ्याचा मुक्काम.

नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिका त्यांच्याच. ते नेसत तसं बायका नेसू लागल्या, ते माळत तसा गजरा माळू लागल्या. गाणं शिकले भास्करबुवा बखल्यांकडे. बुवांनी एकाहून अधिक घराण्यांच्या उस्तादांची तालीम घेतलेली, त्यामुळे शिष्याच्या पदातही नुसता गोडवा नव्हता, लयीचा पक्का हिशेब होता. मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष. नाटक कंपनीत एवढी साथ! मंडळीला कर्ज का झालं, हे वेगळं सांगायला नको. ध्वनिमुद्रिका ऐकताना एक कान तबल्यावर ठेवा. शब्द ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, आता समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चुकणार असं वाटतं, आणि अलगद पोचतो. ही करामत नक्कल करणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांना जमली नाही. त्यांनी उचलला तो फक्त लडिवाळपणा.

रामभाऊ किराणा घराण्याचे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. चेल्यानं नाटकात जावं हे खाँसाहेबांना रुचलं नव्हतं. रामभाऊ गेले, नाव कमावलं आणि पुन्हा मैफलीकडे वळले. आवाज काही निसर्गानं दिलेला गोड नव्हता. तापायला वेळ घेई, सुरुवातीला बसलेलाच वाटे. पण एकेका सुरावर ठिय्या देऊन रागाची बढत करण्याची, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याची, किराण्याची पद्धत अशा आवाजाला मानवली असावी, असं आपलं मला वाटतं. घाई करून चालणारच नव्हतं.

खरा फरक मात्र शिष्यांपाशी पडतो. बालगंधर्वांना भक्त लाभले. रामभाऊंना शिष्य: गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, बसवराज राजगुरू, फिरोज दस्तूर. गंगूबाई हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला शिकायला जात. गदगच्या घरून गाण्यासाठी पळालेला पोरगा, म्हणजे भीमसेन, फिरत फिरत १९३६ च्या सुमारास कुंदगोळला टेकला आणि गुरूच्या घरचं पाणी भरता भरता शिकला. या चौघांचे आवाज शेजारी ठेवून ऐका, एकही दुसऱ्यासारखा नाही. गुरूनं साचा दिला नाही, शिस्त दिली.

शेवट दोघांचाही पुण्यात. १९४२ साली रामभाऊंना अर्धांगवायू झाला, १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनांनी पुढाकार घेऊन पुण्यतिथीचा संगीत महोत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं. भीमसेन २०११ साली गेल्यावर त्यांचंही नाव त्यात जोडलं गेलं, म्हणून आता ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’. बोलताना एवढं लांब कोण म्हणतं? गुरू-शिष्य दोघंही ‘सवाई’त बसले.

बालगंधर्वांचे म्हातारपणी पाय गेले होते. तरी १९६२ साली आपल्याच नावाच्या रंगमंदिराची पायाभरणी त्यांनी स्वतःच्या हातानं केली. इमारत उभी राहिलेली काही पाहिली नाही. १५ जुलै १९६७ ला ते गेले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिवशी, पडदा उघडला.

भाची मुकुंदनगरला पोचली तेव्हा मारवा राग सुरू झाला होता. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत तिचा मेसेज: ‘‘मामा, मग कुमार गंधर्व यातले कोण?’’

यातले कोणीच नाही. ते शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४, राहणार देवास. छोटा गंधर्व आणखी वेगळे. तिला लिहिलं, कॉफी घे आणि आत जा, सतरंजीवरची जागा जाईल.