लांडग्याला गोळी लागते तेव्हा टोळीचं काय होतं

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लांडग्यांची शिकार खुली झाली आणि तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत २१८ लांडगे मारले गेले. राज्याच्या शिकाऱ्यांना कोटा होता ११९चा, म्हणजे शिकार बंद करा म्हणेपर्यंत आकडा जवळजवळ दुप्पट झालेला. त्यात महिना फेब्रुवारी, लांडग्यांचा माजाचा काळ, म्हणजे मेलेल्यांत गाभण माद्याही असणार. यावर शिकारीच्या बाजूने उत्तर ठरलेलं असतं, की लांडगे भराभर वाढतात हो, एक-दोन वर्षांत भरून निघेल. हा हिशोब मला फार खटकतो.

हरणांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. काही हरणं गेली की उरलेल्यांना चारा जास्त मिळतो, हिवाळ्यात कमी मरतात, पाडसं जास्त जगतात. पण लांडग्यांची टोळी म्हणजे कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पोरं. एप्रिलच्या सुमाराला पिल्लं होतात, चार ते सहा, आणि मोठी भावंडं शिकारीवरून येऊन पोटातलं मांस त्यांच्यासमोर ओकून त्यांना भरवतात.

इथे तो 'अल्फा'चा, म्हणजे मारामारी करून टोळीचा राजा होणाऱ्या लांडग्याचा, गैरसमज आडवा येतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि एकमेकांना कोंडून ठेवल्यावर ते जसे भांडत होते तोच लांडग्यांचा स्वभाव असं जगाने धरून चाललं. ही कल्पना पसरवण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये जंगलातले लांडगे बघून स्पष्ट लिहिलं की असा मारामारी करून झालेला राजा नसतो, असतात ते आईबाप. तरी आजही मोटिव्हेशनवाले अल्फा-अल्फा करत फिरतात. पौर्णिमेला चंद्राकडे बघून लांडगे रडतात हीही तशीच निराधार गोष्ट, ते ओरडतात पांगलेल्या घरच्यांना गोळा करायला आणि शेजारच्या टोळीला लांब ठेवायला.

आता शिकारीचं बघू, माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. लांडगा साधारण ४५-५० किलोचा आणि एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, त्याच्या पाच-सहा पट. एल्कची एक लाथ डोक्यात बसली तर लांडगा जागच्या जागी मरू शकतो, आणि मरतातही. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या अभ्यासात दिसलं की एल्कवर धावून गेल्यावर बहुतेक वेळा टोळी रिकाम्या हातानेच परत येते. आणखी एक गोष्ट दिसली, चार लांडग्यांपर्यंत संख्या वाढली की यश वाढतं, त्यापुढे फारसं वाढत नाही, कारण बाकीचे बरेचदा मागे राहून नुसते बघतात, जोखीम घेणारे ठराविक दोघं-चौघं असतात. पळण्याचा जोर दोन-तीन वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त, पण कुठला एल्क लंगडतोय, कुठला उभा राहून लढेल, कुठल्याच्या मागे लागून फुकट दम जाईल, हे समजायला वर्षं जावी लागतात. अनुभवाची किंमत टोळ्यांच्या भांडणातही दिसते. सहा वर्षांपुढचा एक लांडगा सोबत असला की जिंकण्याची शक्यता चांगलीच वाढते.

म्हणजे टोळीत सगळे जीव सारखे नाहीत आणि गोळी कुणाला लागली यावर पुढचं सगळं ठरतं. २०२३ मध्ये यलोस्टोन, डेनाली, व्हॉयाजर्स अशा पाच नॅशनल पार्क्समधली कित्येक वर्षांची माहिती एकत्र करून एक अभ्यास आला. माणसामुळे टोळीतला कुणीही मेला तर ती टोळी वर्षअखेरपर्यंत टिकण्याची शक्यता २७ टक्क्यांनी कमी आणि पुढच्या वर्षी पिल्लं होण्याची २२ टक्क्यांनी. मेलेला लांडगा आईबापांपैकी असेल तर हेच आकडे ७३ आणि ४९. त्यामुळे नुसती डोकी मोजली तर हे दिसतच नाही, कारण एकूण संख्या तेवढीच राहूनही आतली घरं मोडलेली असू शकतात.

ओ-सिक्सचंच घ्या. २००६ मध्ये जन्मलेली म्हणून हे नाव, यलोस्टोनच्या लामार खोऱ्यातली मादी, जी एकटीने एल्क पाडायची. डिसेंबर २०१२ मध्ये पार्कच्या हद्दीबाहेर, वायोमिंगमध्ये, कायदेशीर हंगामात ती मारली गेली. तिच्या नराचा भाऊ काही आठवडे आधीच तसाच गेला होता. मग उरलेला नर, अभ्यासकांच्या यादीतला ७५५ नंबरचा, त्याने काय करायचं? टोळीत उरलेल्या माद्या त्याच्याच मुली. मुलींनी बाहेरचे नर आणले आणि त्याला स्वतःचा मुलूख सोडावा लागला. त्या मुलींपैकी ९२६ नंबरच्या मादीने टोळी पुढे सांभाळली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तीही पार्कबाहेर गोळीने गेली. पार्कची हद्द नकाशावर असते, एल्कच्या मागे जाणाऱ्या लांडग्याला ती दिसत नाही.

लांडग्यांच्या बाजूने बोलणारेही कधीकधी वाहवत जातात. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडले, एल्क कमी होऊन झाडी वाढली आणि नद्यांचे प्रवाहच बदलले, ही गोष्ट सगळ्यांना फार आवडते. पण ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांवरचा वीस वर्षांचा प्रयोग सांगतो की ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर प्राणी गेल्याने जे बिघडलं होतं ते नुसत्या लांडग्यांनी पूर्ववत झालेलं नाही. लांडग्याला वाचवायला त्याला जादूगार करायची गरज नाही.

राहिला गुरांचा प्रश्न. रात्रीत मेंढ्या गेल्या की रँचवाल्याचा राग खरा असतो, त्याला नावं ठेवून काही होणार नाही. लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले उलट वाढतात असं एका संशोधनात २०१४ मध्ये आलं होतं, पण इतरांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासून उलटा निष्कर्ष काढला, त्यामुळे मी त्यावर भर देणार नाही. मला जास्त भरवशाचं वाटतं ते आयडाहोच्या वुड रिव्हर भागातलं काम. तिथे सात वर्षं मेंढ्यांच्या कळपांना राखणीचे कुत्रे, रात्री जागणारी माणसं, दिवे, आवाज आणि दोरीला लटकवलेली लाल फडकी एवढ्यावर सांभाळलं, एकही लांडगा मारला नाही. शेजारच्या भागात, जिथे लांडगे मारले जात होते, तिथे मेंढ्यांचं नुकसान साडेतीन पट जास्त झालं.

ती फडकी म्हणजे पूर्व युरोपातली जुनी युक्ती. मुळात ती वापरायचे लांडग्यांना घेरून मारायला, कारण नवीन, हलणाऱ्या गोष्टीला लांडगा बिचकतो आणि दोरी ओलांडत नाही. पण साधारण दोन महिन्यांत त्याला कळतं की यात काही नाही. म्हणून फडकी सतत लावून ठेवायची नाहीत, मेंढ्या रात्री बसवतात तेवढ्यापुरती बांधायची, सकाळी काढायची आणि कळप पुढच्या कुरणात गेला की तिथे पुन्हा बांधायची. हे करायला रोज माणूस लागतो आणि त्याचा पगार एकट्या रँचवाल्याच्या खिशातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कोलोरॅडोने २०२३ मध्ये लांडगे सोडताना मेलेल्या जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई ठेवली. तोच पैसा जनावर मरायच्या आधी रात्रीच्या राखणीलाही मिळायला हवा.