दिसत नसताना डोळे का हलतात : ‘संवेदी’ या शब्दाची पार्श्वभूमी

निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांची आपोआप होत राहणारी हालचाल, हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ पेंगताना मान डुलणे. अंध व्यक्तीचे डोळे असे हलत असले की जुनी पुस्तके त्याला ‘अमॉरोटिक’ (अंधत्वाचा) हे विशेषण जोडत आणि पुढच्या आजाराकडे वळत.

खरा गुंता १९६७ नंतरचा. त्या वर्षी लहानपणापासूनच्या निस्टॅग्मसचे दोन गट पाडले गेले. डोळ्यात किंवा दृष्टिचेतेत दोष सापडला तर ‘संवेदी’, नाही सापडला तर ‘प्रेरक’. लंबकासारखे हलणारे डोळे संवेदी आणि झटके देणारे प्रेरक, असा ठोकताळाही रूढ झाला. पुढे हालचालींचे आलेख काढले तेव्हा तो टिकला नाही. दोन्ही गटांत तशाच लाटा उमटत होत्या. अखेर २००१ च्या वर्गीकरणात दोघांना मिळून ‘इन्फंटाइल निस्टॅग्मस सिंड्रोम’ असे एकच नाव मिळाले.

आलेखांपुरती ही दुरुस्ती योग्यच होती. पण ‘संवेदी’ या शब्दामुळे डॉक्टर बाळाचे दृष्टिपटल तपासायला प्रवृत्त होत, हे मला फार मोलाचे वाटते. लेबरच्या जन्मजात अंधत्वात सुरुवातीला दृष्टिपटल दिसायला अगदी निरोगी असू शकते; ईआरजी, म्हणजे प्रकाशाला दृष्टिपटल देत असलेल्या विद्युत प्रतिसादाची चाचणी, केल्यावरच दोष कळतो. अशा बाळावर ‘प्रेरक’ असा शिक्का बसला तर निदानाची वर्षे वाया जातात.

मोठेपणी दृष्टी गेलेल्यांकडे लक्ष त्यामानाने उशिरा गेले. डोळा एका जागी धरून ठेवणारी यंत्रणा मेंदूत असते, आणि जे दिसते त्याच्या आधारे लहान मेंदू तिची चूक सतत सुधारत असतो. दिसणेच थांबले की त्या यंत्रणेची पकड सुटू लागते. डोळा घरंगळतो, झटक्याने परततो, आणि थोड्या वेळाने घरंगळण्याची दिशाच बदलते. १९८० मध्ये अंध व्यक्तींच्या नोंदींतून हे मांडले गेले. जन्मांधांना तर डोळे हवे तिकडे वळवणेही जमत नाही. एकाच डोळ्याची दृष्टी गेली असेल तर तोच डोळा संथपणे वरखाली सरकत राहतो.

२००६ मध्ये ज्याच्या बिघाडाने निस्टॅग्मस होतो असे ‘एफआरएमडी७’ हे जनुक सापडले, तेही ज्यांना प्रेरक म्हटले जाई अशा कुटुंबांत. दहा वर्षांनी उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की हे जनुक बिघडले की दृष्टिपटलातल्या पेशींना आडव्या हालचालीची दिशा ओळखता येत नाही.