न बोलणारं पोर मंद नसतं

दिवाळी सरली की कामठी-कन्हानच्या बाजूला वीटभट्ट्यांचं काम सुरू होतं. नागपुरात बांधकामाच्या साइटवर झोपड्या पडतात आणि छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची तीन-चार वर्षांची मुलं जवळच्या अंगणवाडीत येऊन बसतात. बसतात म्हणजे नुसती बसतात. गाणं म्हणत नाहीत, नाव विचारलं तर खाली बघतात. चार दिवसांत कुणीतरी म्हणतंच, ‘हे पोट्टं जरा मंदच दिसते.’

बालभाषेचे अभ्यासक याला ‘मूक काळ’ म्हणतात. घरची बोली इथे चालत नाही हे मुलाला उमगलेलं असतं आणि नवी अजून जिभेवर बसलेली नसते. तोवर ते ऐकतं, मनाशी पुटपुटतं. हे काही आठवडे चालतं, कधी काही महिनेही. ‘बोल ना, बोल ना’ म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही. कळतंय का हे बघायचंच असेल तर लाल चेंडू मागावा. बहुतेकदा तो हातात येतो. आईशीही ते बोलत नसेल तर मात्र आधी कान तपासून घ्यावेत.

गप्प मूल शांत असतं असंही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पाळणाघरात नव्याने आलेल्या सव्वा वर्षाच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं होतं. आई निघून गेल्यावर तासाभरात ते घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के वाढलं. आईशी घट्ट नातं असलेल्या मुलांमध्ये, ती सोबत बसायची त्या दिवसांत, ते बरंच कमी होतं.

म्हणजे सुरुवातीला आईने सोबत बसावं. पण तिची रोजी बुडते, हे सल्ला देणारे सोयीने विसरतात. मग आजी किंवा मोठी बहीण चालेल. तीही नसेल तर रोज दारात तीच मदतनीस उभी असावी, मुलाला नावाने हाक मारणारी. हिंदी नागपुरात सगळ्यांनाच येते, पण छत्तीसगढी बोलणाऱ्या पोराला तीही परकीच. भूक, पाणी, शू, दुखतंय एवढे शब्द आईकडून शिकून घेतले तरी पुष्कळ होतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला याहून पुढचं पाऊल टाकलं: मुलं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली. भट्टीवर ते आजही करता येईल. पावसाळ्याआधी भट्ट्या विझतात, कुटुंबं गावी परततात. सेविकेच्या हाती जेमतेम सहा-सात महिने असतात.